एका पायाची चप्पल: घरातल्या विलक्षण वस्तू आणि त्यांच्या गोष्टी कशा जपाव्यात

आमचं घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडे उतरत जाणाऱ्या बाजूला. सोप्यातल्या, म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या, फडताळात मधल्या फळीवर एकच कोल्हापुरी चप्पल आहे, डाव्या पायाची. तिच्या शेजारी मोरंब्याच्या बरणीत तालमीतली लाल माती आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझ्या आईने जमवलेली सिनेमाची अर्धी तिकिटं आहेत. सायकलचा नगरपालिकेचा बिल्ला आहे, रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक आहे, बैलाच्या शिंगांच्या दोन पितळी शेंब्या आहेत, चांदीच्या ताइतात यजमानांची वाळलेली नाळ आहे. आणि एक किल्ली आहे, जिचं कुलूप कुठे होतं ते कुणाला ठाऊक नाही.

अशा वस्तू बहुतेक घरांत असतात. त्या देव्हाऱ्यात नसतात, तिजोरीत नसतात, विकायला नेल्या तर वजनावर जातात. दिवाळीची झाडलोट आली की त्यांच्यावर पहिली संक्रांत येते. मी अठ्ठावीस वर्षं एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तकबांधणीचं काम केलं, त्यामुळे कागद, कापड, कातडं कसं म्हातारं होतं हे हातांना माहीत आहे. तरीही या वस्तू जपण्याबाबतची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला उशिरा कळली, २०१९ च्या महापुरात.

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. आम्ही राजारामपुरीत नणंदेकडे होतो. परत आलो तेव्हा सोप्यात गाळ, भिंतीवर छातीच्या उंचीला तपकिरी रेघ, आणि फडताळाची दारं फुगून बसलेली. दार उचकटून बघितलं तर चप्पल होती. भिजून जड झाली होती, पण होती. शेंब्यांना काही झालं नव्हतं. डब्याचं झाकण घट्ट म्हणून निम्मी तिकिटं वाचली. गेल्या त्या चिठ्ठ्या. प्रत्येक वस्तूला मी एक चिठ्ठी बांधली होती, शाईच्या पेनाने, चांगल्या अक्षरात. त्यांचे निळे डाग तेवढे उरले. एकतीस वस्तूंपैकी चोवीस चिठ्ठ्या मी आठवून परत लिहिल्या. सात लिहिता आल्या नाहीत, कारण ज्यांनी मला त्या गोष्टी सांगितल्या त्या माझ्या सासूबाई २०१७ मध्येच गेल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणायची. वस्तू हातात आणि तिची गोष्ट गेलेली, हे फार वाईट. ती वस्तू मग घरातल्या पुढच्या माणसाच्या दृष्टीने अडगळ होते, आणि त्याला दोष देता येत नाही.

म्हणून पुढचं सगळं त्या क्रमाने सांगते. आधी गोष्ट, मग चिठ्ठी, मग वस्तूची निगा. डबे, कपाटं, काचेच्या पेट्या यांचा विचार अगदी शेवटी करा.

माणसाजवळ बसा

घरात सत्तरी ओलांडलेलं जे कुणी असेल त्यांच्याजवळ वस्तू घेऊन बसा. एका बैठकीला एकच वस्तू. समोर हातकाम असू द्या: शेंगा फोडणं, मेथी निवडणं, वाती वळणं. हात कामात असले की माणूस मोकळं बोलतं. वही-पेन घेऊन समोर बसलात तर म्हातारं माणूस परीक्षेला बसल्यासारखं दोन वाक्यांत उत्तर देतं.

'हे काय आहे?' असं विचारू नका. त्याला 'चप्पल आहे' एवढंच उत्तर मिळतं. मी विचारते, 'हे घरात आलं त्या दिवशी घरात कोण कोण होतं?' किंवा 'हे टाकून द्यायचं असं कधी कुणी म्हणालं होतं का?' दुसरा प्रश्न फार उपयोगी आहे. एवढी वर्षं टिकलेल्या वस्तूवर एकदा तरी भांडण झालेलं असतं, आणि ती का राहिली ते त्या भांडणात असतं.

चपलेची गोष्ट मला अशीच मिळाली. सासरे खासबाग मैदानात कुस्ती बघायला गेले होते, १९७१ च्या उन्हाळ्यात. शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान १९१२ चं. मधला आखाडा खोल आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. पण मैदान सुटताना सगळे एकदम वर येतात, आणि त्या गर्दीत सासऱ्यांची उजवी चप्पल गेली. एका पायात चप्पल घालून ते घरापर्यंत चालत आले. आत्यांचे शब्द असे होते: 'मी म्हटलो, आता ही दुसरी बी टाका की. तर म्हणतात, ऱ्हाऊ दे, जोडीदार ईल हिचा.' पुढे नवी जोडी आली, ती झिजली, तिच्यानंतरच्याही झिजल्या. ही एक तशीच राहिली.

आत्या 'मी म्हटलो', 'मी गेलो होतो' असं बोलायच्या. कोल्हापुरात पुष्कळ बायका असंच बोलतात, घरात मीही बोलते. चिठ्ठीवर लिहिताना त्याचं 'म्हटले', 'गेले होते' करू नका. ज्या तोंडून गोष्ट आली त्या तोंडचे शब्द ठेवा. वीस वर्षांनी ती चिठ्ठी वाचणाऱ्याला वस्तूबरोबर माणसाचा आवाजही मिळतो, आणि तो आवाज दुसऱ्या कशातून मिळणार नाही.

फोनवर रेकॉर्डिंग जरूर करा, पण त्याच रात्री कागदावर उतरवा. फोन बदलतात, बिघडतात, आणि तासाभराचं रेकॉर्डिंग परत कुणी ऐकत नाही.

दोन माणसं दोन गोष्टी सांगतील. आमचा रेडिओ यजमानांच्या मते त्यांच्या काकांच्या लग्नात आला, नणंदेच्या मते गुळाची पट्टी चांगली मिळाली त्या साली आला. लायसन्सच्या पुस्तकावरून वर्ष कळतं, कारण तेव्हा रेडिओ घरात ठेवायला लायसन्स लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची. पण कारण पुस्तकात नाही. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत, कुणी काय सांगितलं त्या नावानिशी. खरं-खोटं ठरवायला आपण न्यायाधीश नाही.

चिठ्ठी

वस्तूचं नाव, ती कुणाची, घरात कधी आणि कशी आली, का ठेवली, हे कुणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला. एवढं पुरे. माझ्या चपलेची आजची चिठ्ठी अशी आहे:

'कोल्हापुरी चप्पल, डावी. सासऱ्यांची. उजवी १९७१ च्या उन्हाळ्यात खासबागेत कुस्तीच्या गर्दीत हरवली. "ऱ्हाऊ दे, जोडीदार ईल हिचा" असं म्हणून ठेवली. आत्यांनी सांगितलं, शेंगा फोडताना, २०११ चा दिवाळीचा महिना. २०१९ च्या पुरात भिजली, वाळवली. पहिली चिठ्ठी पुरात गेली, ही दुसरी.'

लिहायचं शिसपेन्सिलीने. साधी एचबी पेन्सिल. शाई पाण्याने पसरते, बॉलपेनचं लिखाण काही वर्षांत कागदाच्या पाठीमागे उमटतं आणि फिकट होतं. पेन्सिलीचं शिसं म्हणजे कार्बनच. ते पाण्यात विरघळत नाही आणि उजेडाने उडत नाही. वाचनालयात मी रोज पुस्तकांवर क्रमांक पेन्सिलीने घालत होते, आणि घरी आल्यावर चिठ्ठ्या शाईने लिहिल्या, कारण त्या सुंदर दिसाव्यात असं वाटलं. ती चूक तुम्ही करू नका.

कागद जाड आणि गुळगुळीत नसलेला घ्या; हातकागद मिळाला तर उत्तम. वस्तू ओलसर जागी राहणार असेल तर कागदाऐवजी पांढऱ्या सुती नाडीच्या तुकड्यावर लिहा, पेन्सिल त्यावरही चांगली उठते. बांधायला सुती दोरा. रबरबँड कधीच नको. तो वितळून चिकटतो, आणि त्यातल्या गंधकामुळे चांदी काळी पडते. टाचणी आणि स्टेपलर गंजतात. चिकटपट्टीबद्दल पुढे सांगते, तिच्यावर माझा फार राग आहे.

आणि प्रत्येक चिठ्ठीची नक्कल एका वहीत, ती वही दुसऱ्याच घरात. माझी नणंदेच्या घरी असते. वस्तूचा आणि चिठ्ठीचा एकत्र फोटो काढून दोन-तीन नातेवाइकांना पाठवला तरी चालतं, पण वही हवीच.

चिठ्ठी नसली की काय होतं याचं उदाहरण आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नदीकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात जुन्या धातूच्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी ब्राँझची मूर्ती होती. रोमन काळातली ही मूर्ती आज टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. समुद्रापासून एवढ्या लांब, सह्याद्री ओलांडून, करवीरातल्या कुणीतरी ती जवळ ठेवली होती. व्यापारात आली एवढं अभ्यासक सांगतात. पण ज्याने ठेवली त्याला ती देव वाटली, की गंमत म्हणून ठेवली, की वितळवून भांडं करायचं होतं? मी दर वर्षी एकदा तरी तिच्यासमोर उभी राहते. एवढी सुंदर वस्तू, आणि तिच्या कोल्हापूरच्या मालकाबद्दल एक ओळ नाही.

चप्पल, म्हणजे कातडं

आमच्या चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं आहे आणि ती कातड्याच्याच वादीने शिवलेली आहे, खिळा नाही. महापुराच्याच वर्षी कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. असं कातडं पाणी पटकन पितं आणि वाळताना आखडतं.

भिजली तर आधी गाळ स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवा. गाळ वाळू दिला तर तो कातड्यात रुततो. मग सुती फडक्याने टिपून घ्या, चोळू नका. अंगठा आणि पट्ट्याच्या आत जुन्या सुती कापडाचे बोळे भरा म्हणजे आकार राहतो, आणि सावलीत, वारं लागेल अशा ठिकाणी ठेवा. बोळे रोज बदला. ऊन नको, चुलीची धग नको, केस वाळवायचं यंत्र तर नकोच. लवकर वाळवलेलं कातडं लाकडासारखं होतं आणि वाकवलं की तडकतं. माझ्या चपलेला बारा दिवस लागले. वीज नव्हती, पंखा नव्हता, म्हणून मी ती खिडकीत पाट टाकून त्यावर ठेवायची आणि संध्याकाळी आत घ्यायची.

पायात घालायच्या चपलेला तेल देतात ते बरोबर आहे, रोजच्या वाकण्याला ते लागतं. ठेवणीतल्या चपलेला तेल देऊ नका. न वापरलेल्या कातड्यात तेल तसंच राहतं, धूळ धरतं, आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. बुरशी आलीच तर चप्पल घराबाहेर न्या, तोंडाला फडकं बांधा, मऊ ब्रशने झटका, कोरड्या कापडाने पुसा आणि दोन दिवस सावलीत वारा खाऊ द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कातडं घुसमटतं. सुती पिशवी पुरते, सोबत वेखंडाचा तुकडा ठेवायचा. डांबराच्या गोळ्या मी वापरत नाही. त्या प्लॅस्टिकवर डाग पाडतात, वास जाता जात नाही, आणि लहान मूल घरात असेल तर धोकाच.

माती

तालमीतली माती म्हणजे नुसती माती नसते. तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मळलेली आणि मुरवलेली असते, म्हणून तिला तो वास आणि मऊपणा. त्याचमुळे ती बंद बरणीत टिकत नाही. यजमानांनी तालीम सोडली त्या दिवशी ओंजळभर माती रुमालात बांधून आणली होती. आम्ही तशीच बरणीत भरली आणि पहिल्याच पावसाळ्यात वर पांढरं आलं. मग ती वर्तमानपत्राऐवजी सुती धोतरावर पसरून चार दिवस कडक उन्हात वाळवली, मैद्याच्या चाळणीने चाळली आणि बरणीच्या तोंडाला झाकणाऐवजी दुहेरी फडकं बांधलं. त्यानंतर काही झालं नाही. हळदीचा वास आता फार थोडा राहिला आहे, पण बरणी तोंडाशी धरली की यजमान डोळे मिटतात.

शेताची, गावाची, पाण्याखाली गेलेल्या घराची माती ठेवणारी माणसं मला माहीत आहेत. सगळ्यांना हेच सांगते: आधी पूर्ण वाळवा, मग झाका.

कागद

इथे मी थोडी जास्त थांबणार, कारण लोक प्रेमापोटी सर्वांत जास्त नुकसान कागदाचंच करतात.

फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. ती पाच-सात वर्षांत पिवळी होते, तिचा डिंक कागदात उतरतो, पट्टी गळून पडते आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. मी वाचनालयात तो डाग काढायला गेले आणि अक्षरंच निघून आली, असं किती वेळा झालं. लॅमिनेशनही नको. त्या उष्णतेने कागद प्लॅस्टिकला असा धरतो की परत सोडवता येत नाही, आणि आतल्या आत तो पिवळा पडत राहतो.

सांधायचंच असेल तर मैद्याची पातळ खळ करा. एक चमचा मैदा, पाच-सहा चमचे पाणी, मंद आचेवर सतत ढवळून पारदर्शक होईपर्यंत शिजवायची, गार करून गाळायची. बांधणीच्या खळीत आम्ही कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचो. घरी घालू नका, ते विष आहे. थोडीच खळ करा आणि त्याच दिवशी संपवा. पातळ, तंतुमय कागदाची अरुंद पट्टी फाडून घ्या, कात्रीने कापू नका. फाडलेल्या कडेचे तंतू चांगले धरतात. मागच्या बाजूने लावा, वर कोरडा कागद, त्यावर जड पुस्तक, रात्रभर. खळीचा गुण असा की पुढच्या माणसाला तुमचं काम आवडलं नाही तर ओलं करून तो ते सोडवू शकतो.

माझ्या आईची तिकिटं स्वस्त, पातळ, गुलाबी-हिरव्या कागदाची आहेत. दारावरचा माणूस अर्धं फाडून ठेवायचा, उरलेलं अर्धं आई ब्लाउजमध्ये ठेवून घरी आणायची. लग्नानंतर तिने एकटीने पाहिलेले सिनेमे तेवढेच आहेत, आणि प्रत्येक तिकिटामागे तिने पेन्सिलीने फक्त तारीख घातली आहे. तिची पेन्सिल पुरात टिकली. हा कागद उजेडाने करपतो, म्हणून मी ती फ्रेम केलेली नाहीत. कोऱ्या कागदाच्या पाकिटात, दर पाकिटात पाच.

भिजलेले कागद एकमेकांना चिकटले असतील तर ओले असताना ओढू नका. गठ्ठा तसाच सावलीत आडवा ठेवा, मध्ये मध्ये कोरे कागद सरकवता येतील तेवढेच सरकवा आणि ते बदलत राहा. फोटोंचं उलट आहे. चिकटलेले फोटो वाळू देऊ नका, वाळले की एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर जातो. ते स्वच्छ गार पाण्यात ठेवा, आपोआप सुटू द्या, मग चित्राची बाजू वर करून कापडावर वाळवा. पण हे दोन दिवसांच्या आत. त्यानंतर फोटोचा थर सुटायला लागतो आणि बुरशी धरते.

पितळ, नाणी, तबकड्या

शेंब्या शेजारच्या काकांनी दिल्या. त्यांचा शेवटचा बैल गेला तेव्हा त्यांनी घुंगरमाळ स्वतःकडे ठेवली आणि शेंब्या आमच्याकडे दिल्या, कारण त्या घरात बघवत नाहीत म्हणाले. बेंदराला त्या चिंचेने घासून चकचकीत करायचे. आता मी घासत नाही. बैलाने गोठ्याच्या खांबाला शिंग घासून पाडलेले चरे त्यांच्यावर आहेत, तीच त्यांची खूण. कोरड्या कापडाने पुसते, बस्स.

घरात शेर, मापटं, चिपटं, कोळवं अशी धान्याची जुनी मापं असतील तर त्यांच्या काठावर सरकारी शिक्का आहे का बघा. पितळेच्या पावडरीने दर महिन्याला घासलं तर तो शिक्का झिजून जातो. सोबत चिठ्ठीवर हिशेबही लिहा: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. माझ्या नातीच्या पिढीला हे सांगणारं कुणी उरणार नाही.

१९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा अजून पुष्कळ घरांत सापडतो. त्याला लिंबू, राख, काही लावू नका. नाण्यावरचा काळपट थर त्याचं रक्षण करतो.

ग्रामोफोनच्या जुन्या ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने पुसल्या तर पृष्ठभाग विरघळतो. कोरडं मऊ कापड, खोबणीच्या दिशेने, आणि ठेवायच्या उभ्या.

जे ठेवू नये

जुन्या घरांतून वाघनखांची पदकं, हरणाची शिंगं, कासवाची पाठ निघते. ही वस्तू आजोबांची असली तरी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिला लागू आहे, आणि मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर ती ठेवणं गुन्हा ठरतो. वनविभागाशी बोला. विकायचा विचार मनातही आणू नका. गळून पडलेलं मोरपीस घरात ठेवायला हरकत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. भरभराटीसाठी म्हणून तिजोरीत 'हाताजोडी' ठेवतात. ती झाडाची मुळी म्हणून विकली जाते. ती मुळी नाही, घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. त्यासाठी घोरपडी मारल्या जातात. ज्यांनी श्रद्धेने घेतली त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून इथे लिहिते.

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, किंवा पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित घरात असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याची चौकशी पुरातत्त्व खात्याकडे करा. काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते.

किती ठेवायचं

सगळं ठेवता येत नाही, ठेवूही नये. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, पाय घासायच्या वज्र्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय केलं आणि १९७५ मध्ये वीस हजारांच्या आसपास वस्तू सरकारला दिल्या. तिथे गेल्यावर आपल्या आजीची वज्री किती मोलाची हे कळतं. पण आपलं घर संग्रहालय नाही, त्यात माणसं राहतात. मी एक फडताळ ठरवलं आहे. नवी वस्तू आली आणि जागा नसली तर जिची गोष्ट दुसऱ्या एखाद्या वस्तूतही आहे ती जाते. सासऱ्यांचे दोन चष्मे होते, एक ठेवला. गोष्ट नसलेली पण देखणी वस्तू मी ठेवत नाही, ज्याला वापरायची त्याला देते.

सोपा रंगवला तेव्हा पुराच्या रेघेचा वीतभर चौकोन तसाच सोडायला सांगितला. त्याला जागा लागत नाही, आणि शेजारी पेन्सिलीने तारीख आहे.

पाणी वाढायला लागलं की

आमच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी हे सगळ्यात गरजेचं. पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेल्याची बातमी आली की फडताळातलं सगळं माळ्यावर जातं. ४३ च्या आधी कागद, चिठ्ठ्या, चप्पल आणि ताईत एका पिशवीत भरून राजारामपुरीला. पिशवी आधीच ठरलेली, फडताळाच्या खालच्या खणात घडी घालून ठेवलेली. त्यात काय घालायचं याची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, म्हणजे मी घरात नसले तरी कुणीही भरू शकेल. बरणी जड आणि मातीला धोका जास्त, म्हणून मुठभर माती वेगळ्या छोट्या बाटलीत कायमची नणंदेकडे आहे. २०२१ ला पुन्हा महापूर आला तेव्हा पिशवी भरायला वीस मिनिटं लागली. एकही चिठ्ठी भिजली नाही.

पुढे कुणाकडे

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने, पुढच्या माणसाचं नाव लिहा. त्याला विचारून लिहा. भाच्याला मी शेंब्या देणार होते, तर तो म्हणाला, 'मामी, मला सायकलचा बिल्ला पाहिजे, मामांच्या मागं कॅरियरवर बसून शाळेला गेलोय मी.' बिल्ल्यावर त्याचं नाव आहे. चप्पल नातीने मागितली. नऊ वर्षांची आहे. तिने ती पायात घालून बघितली, मी घालू दिली. मग विचारलं, 'आजी, दुसरी मिळाली तर?' मी म्हटलं, 'मग चिठ्ठी बदलायची.'

सात हरवलेल्या गोष्टींपैकी चार मला नातेवाइकांत विचारून परत मिळाल्या. दर लग्नात, दर बारशाला मी उरलेल्या वस्तूंचे फोटो दाखवते. गेल्या दिवाळीत चुलत सासूबाईंनी किल्ली हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाल्या, 'परड्यात चुन्याची खोली होती, तिची का काय ही? पर ती लहान होती गं.' तेवढंच. नंतर त्यांना आणखी काही आठवलं नाही. मी त्या रात्री चिठ्ठी लिहिली:

'किल्ली, लोखंडी. कुठली ते माहीत नाही. परड्यातल्या चुन्याच्या खोलीची असावी असं चुलत सासूबाईंना वाटलं, पण ती याहून लहान होती असंही त्याच म्हणाल्या. विचारत राहणे.'

मागच्या बाजूला नावाची जागा कोरी आहे.